शिळं पाणी

सरकारी खात्यात नऊ वर्षं रोजंदारीवर काढलेल्या माणसाला दोन गोष्टी चांगल्या जमतात: गप्प बसणं आणि वाट बघणं. कचरू दोन्हींत मुरलेला होता. त्याचा आजा मेंढरं घेऊन पाण्याच्या मागं हिंडायचा. बापानं बदनापूरजवळ तीन एकरांत पाय रोवले. आणि कचरू जालन्याच्या हपिसातून पुन्हा पाण्याच्या मागंच हिंडायला लागला. आज्याला निदान ते पाणी मेंढरांना पाजायचं तरी असायचं. याला नुसतं मोजायचं होतं.

मोजायचं म्हणजे काय, तर खात्यानं जिल्ह्यातल्या काही विहिरी निवडल्या होत्या. त्यांना 'निरीक्षण विहीर' म्हणायचे. वर्षातून चार वेळा जायचं, कठड्यावरून फीत सोडायची, पाणी किती खोल गेलं ते लिहायचं आणि मे महिन्यात बाटलीभर पाणी तपासणीला न्यायचं. विहिरीच्या मालकाला यातून काय मिळायचं? कठड्यावर लाल रंगाचा एक बाण आणि एक नंबर. सरकारनं दिलेली शोभा, दुसरं काय!

चौऱ्याण्णव साली हपिसात बेदरकर साहेब आले. माणूस शिस्तीचा. आल्या आल्या त्यांनी पाण्याचा नमुना कसा घ्यावा याचं बावीस कलमांचं परिपत्रक काढलं, तेही शुद्ध मराठीत. खाली त्यांची सही होती. 'बे'ची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. बाकीच्यांनी त्या परिपत्रकावर चहाचे ग्लास ठेवले. कचरूनं ते पाठ केलं. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळावी. बाटलीत हवा ठेवू नये. हाताला तंबाखू नसावी. या तंबाखूच्या कलमासाठी त्यानं सकाळची मशेरीसुद्धा सोडली, आता बोला.

एक दिवस साहेबांनी त्याला आत बोलावलं.

"कचरू, कायम करायच्या यादीत तुझं नाव घालावं म्हणतो. पण मी डोळ्यानं बघितल्याशिवाय शिफारस करत नाही. वीस तारखेला एकेचाळीस नंबरच्या विहिरीवर तू माझ्यासमोर नमुना घ्यायचा. एक कलम चुकलं तर नाव नाही."

 नऊ वर्षांत 'कायम' हा शब्द कचरूसाठी कोणी उच्चारला नव्हता. बायकोचे, पुष्पाबाईचे, भाऊ दर दिवाळीला विचारायचे, "काय दाजी, पिकले का अजून कच्चेच?" आणि सगळे मिळून हसायचे. पुष्पाबाई हसायची नाही. ती उठून चुलीकडं जायची. या दिवाळीला तिला बसून राहता यावं, एवढीच कचरूची इच्छा होती.

एकेचाळीस नंबर म्हणजे हसनाबादच्या रस्त्याला जयवंताबाईची विहीर. रस्त्याला लागून होती, जीप कठड्यापर्यंत जायची आणि साहेबांच्या विजारीला कुसळ लागायचं नाही. जयवंताबाई साठीची, विधवा, आवाजाला खणखणीत. मोसंबीची दीडशे झाडं आणि ही विहीर एवढा तिचा संसार. अर्धी वस्ती पिण्याचं पाणी तिथून न्यायची. ती कोणाला ना म्हणायची नाही, मात्र पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईनं "गोड आहे बाई तुमचं पाणी" असं एकदा तरी म्हणायला हवं, हा तिचा नियम होता.

परीक्षेच्या आधी रंगीत तालीम करावी म्हणून कचरू दहा तारखेला एसटीनं तिकडं गेला. सहावं कलम अवघड होतं: 'विहिरीत साचून राहिलेले पाणी किमान वीस मिनिटे उपसून टाकावे व त्यानंतर झऱ्यातून नव्याने आलेल्या पाण्याचा नमुना घ्यावा.' हे शुद्ध मराठी वस्तीवर कोणाला कळणार? कचरूनं ते सोपं करून सांगितलं. माणूस शहाणपणा करायला जातो तो असा.

"मावशी, जरा मोटार चालू करा. आधी शिळं पाणी काढून टाकू, मंग ताजं घेऊ."

जयवंताबाईचा हात स्टार्टरच्या पेटीवरच थांबला.

"काय म्हणला?"

"शिळं पाणी, मावशी. साचलेलं."

आता ज्याच्या घरात माठ आहे त्याला शिळं पाणी काय ते सांगायला नको. कालचं उरलेलं पाणी सकाळी तुळशीला नाहीतर जनावराला जातं आणि माठ घासून नवा भरतात. पाहुण्याला शिळं पाणी दिलं, तर पाहुणा काही बोलत नाही, पण गावाला गेल्यावर सगळ्यांना सांगतो. आणि इथं तर कचरूनं आख्खी विहीर शिळी ठरवली, तीही चार बायका घागरी भरत असताना. त्यांत द्वारकाबाई होती. द्वारकाबाईच्या कानात गेलेली गोष्ट गावाच्या चावडीवर लिहून लावायची गरज नसे.

दुपारपर्यंत वस्तीवर बातमी झाली, की सरकारनं जयवंताबाईची विहीर तपासली आणि पाणी शिळं निघालं. संध्याकाळपर्यंत तिच्यात 'म्हूनच माह्या नातवाचं पोट दुखून राह्यलं' हे जोडलं गेलं. दुसऱ्या दिवशी घागरींची रांग रायभानच्या हापशाला लागली. रायभान हा जयवंताबाईचा धाकटा दीर. बांधावरून वीस वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. त्याच्या हापशाचं पाणी एवढं मचूळ, की त्यात डाळ शिजता शिजत नसे. पण मचूळ असलं तरी ते ताजं होतं ना!

कचरूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सोळा तारखेला तो 'वीस तारखेला साहेब येणार' हा निरोप घेऊन गेला, तर जयवंताबाई दारातच उभी.

"आला का? ये. आता घरातलं काय काय शिळं हाये ते पन सांगून जाय."

"मावशी, काय झालं?"

"काय झालं? सहा दिवस झाले, माह्या विहिरीवर एक घागर आली न्हाई! रायभान हापशापाशी खाट टाकून बसून राह्यला. येनाऱ्या-जानाऱ्याला 'या, ताजं हाये' म्हनतो! माह्या सासऱ्यानं ही विहीर खांदली, मी नवी नवरी असताना डोक्यावर माती वाह्यली. चाळीस वर्षांत कोनी नाव ठेवलं न्हाई, अन् तू फीत घेऊन आला अन् शिळं म्हनून गेला!"

कचरूचं तोंड पडलं. तो ओसरीवर बसला आणि त्यानं खरं ते सांगितलं: साहेब, परीक्षा, नऊ वर्षं, पुष्पाबाईचे भाऊ, सगळं. "मावशी, शब्द चुकला माझा. पण तुमच्या विहिरीवर मला नमुना घेऊ दिला न्हाई, तर मी जन्मभर रोजंदारीवरच मरतो."

जयवंताबाई रागीट होती, पण दगड नव्हती. 

"घेऊन ये तुह्या सायेबाला," ती म्हणाली. "शिळ्याचं काय करायचं ते मी पाह्यते."

यावर कचरूनं विचारायला हवं होतं, की मावशी, काय करणार? त्यानं विचारलं नाही. नऊ वर्षं गप्प बसायची सवय, ती नको तिथं उपयोगाला आली.

वीस तारखेला सकाळी अकराला जीप पोचली. संपत ड्रायव्हरनं बर्फाची पेटी उतरवली, कचरूनं बाटल्या, दोरी आणि फीत काढली, हात धुतले. मग तो कठड्याकडं वळला आणि जागच्या जागी थिजला. कठडा पांढराशुभ्र चुन्यानं रंगवलेला. लाल बाण गेला, नंबर गेला, त्यांच्या जागी हळदीकुंकवाची पाच बोटं आणि एक नारळ.

साहेबांनी वाकून आत बघितलं. आत पाणी नव्हतं. काळ्याशार खडकावर भिवा नावाचा गडी उभा राहून खराट्यानं तळ घासत होता, आणि कपारीतून करंगळीएवढी धार येत होती.

"कचरू," साहेब म्हणाले, "पाणी कुठंय?"

जयवंताबाई नवं लुगडं नेसून पुढं आली. "शिळं व्हतं सायेब, समदं काढून टाकलं. पाहाटं लाईट आली तवापासून मोटार चालू हाये. मोसंबीला बराबर पानी बसलं. गाळ पन काढला बिलकुल खडकापोतर. आता घ्या किती ताजं पाह्यजे ते."

वीस मिनिटांच्या जागी बाईनं साडेपाच तास उपसा केला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कलम चौदा," ते म्हणाले. "विहिरीत पाणी नसल्यास 'कोरडी' अशी नोंद करावी. लिही आणि चल."

"कोरडी!" जयवंताबाईचा आवाज रायभानच्या हापशापर्यंत गेला असावा, कारण तिकडच्या बायका मागं वळून बघायला लागल्या. "शिळी म्हनले ते कमी व्हतं का? आता कोरडी? सायेब, मे महिन्यात ह्या विहिरीवर दीडशे झाडं जगून राह्यली!"

 'कोरडी' लिहिलं की नमुना नाही, नमुना नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर दाजी कच्चेच. कचरूनं डोळे मिटले आणि पाठ केलेलं परिपत्रक मनातल्या मनात भराभर म्हटलं.

"साहेब, कलम नऊ. 'विहीर नुकतीच उपसली असल्यास पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबावे.' कोरडी तवा लिहायची, जवा झराच नसतो. इथं झरा हाये."

साहेब स्वतःच्याच कलमात अडकले. मोटार बंद करून थांबावं लागलं.

थांबायचं म्हणजे जेवायचं, हे जयवंताबाईनं ठरवूनच टाकलं. मोसंबीच्या सावलीत घोंगडं पडलं. साहेब संकोचून म्हणाले, "बाई, नवीन काही करू नका. शिळी भाकरी असली तरी चालेल." जयवंताबाईनं त्यांच्याकडं असं बघितलं, की साहेबांचा हात ताटावरच राहिला.

"तुमच्या खात्याला शिळ्याचं लई येड दिसतं सायेब," ती म्हणाली आणि तव्यावरची गरम भाकरी ताटात टाकली.

जेवण झाल्यावर वेळ जाईना, म्हणून साहेबांनी विहिरीचं जुनं रजिस्टर काढलं आणि कचरूला सांगितलं, "रिकामी आहेच, तर एकूण खोली मोजून घे. अशी संधी पुन्हा येत नाही." कचरूनं नखानं चुना खरवडून आधी लाल बाण शोधला, कारण माप बाणापासूनच घ्यायचं असतं. मग फीत सोडली. खाली भिवानं टोक खडकाला टेकवलं.

"दहा मीटर साठ," कचरू म्हणाला.

साहेबांनी रजिस्टरकडं बघितलं. "बारा पाहिजे. पुन्हा मोज."

पुन्हा दहा साठ आलं. तिसऱ्यांदा मोजलं, दहा साठ.

"गाळ असेल," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा घाईचा झाला होता. "दहा वर्षांत गाळ साचला. मीटर-दीड मीटर साचतोच."

"गाळ कुठला सायेब?" जयवंताबाई म्हणाली. "सकाळीच काढला ना! खडक हाये खडक. ए भिवा, वाजव रं." भिवानं खालून पहारीचा टोला हाणला. दगड खणखणीत वाजला. "सहा परसाला दीड वीत कमी, अशी विहीर हाये माही. सासरा परसात मोजायचा, एक परस म्हंजी एक मानूसभर खोली. कोन म्हनतं बारा?"

कोण म्हणतं, ते रजिस्टरमध्ये होतं. पान उघडं होतं आणि कचरूला वाचता येत होतं. 'विहिरीची एकूण खोली: १२.०० मी. पाण्याची पातळी, मे १९८३: ११.४० मी. मे १९८४: ११.७५ मी.' म्हणजे त्या दोन उन्हाळ्यांत जयवंताबाईच्या विहिरीतलं पाणी तळाच्या खडकाखाली मीटरभर खोल उभं होतं. आणि पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: 'समक्ष पाहिले.' खाली सही. 'बे'ची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली.

साहेब पूर्वी जालन्याला होते, हे कचरूला त्या दिवशी कळलं. विहिरीवर मात्र नव्हते, हेही कळलं.

"कचरू," साहेब हळूच म्हणाले, "फीत ओली असली की माप चुकतं. वाळव आणि एकदा नीट टाक. बारा येईल."

आता साहेब काय मागत होते, ते सांगायला फीत लागत नव्हती. कचरू फीत पुसत बसला. बारा म्हणायला काय जातं? एक मीटर चाळीस. तेवढ्या खोट्यानं कोणाची विहीर आटत नाही. दिवाळीला पुष्पाबाई भावांसमोर बसून राहील. त्यानं फीत सोडली, खाली टेकली, आकडा बघितला. आकडा काही बदलला नव्हता. दगडाला कायम व्हायचं नव्हतं.

"दहा साठ, साहेब."

"नीट बघ."

"बघितलं साहेब."  मरणाची भीती वाटत होती त्याला, पण शब्द निघाले. "बाविसावं कलम, साहेब. 'जे मोजले तेच लिहावे.' तुमीच लिहिलं हाये."

 संपतनं जीपचं बॉनेट विनाकारण उघडलं आणि त्यात डोकं घातलं. जयवंताबाईला काहीतरी बिघडलंय एवढं समजलं. तिनं पदर सावरला.

"ते कलम मी कोणासाठी लिहिलं असेल, असं वाटतं तुला?" साहेब म्हणाले.  "तेव्हा मी नवीन होतो. प्रोबेशनवर. मे अखेरीला एवढ्या विहिरी पुऱ्या झाल्या नाहीत तर कायम करणार नाही, असं वरून सांगितलं होतं. निम्म्या विहिरी मी हपिसात बसून मोजल्या. मलाही कायम व्हायचं होतं, कचरू."

खात्यातल्या साहेबाला 'जाऊ द्या' म्हणायची कचरूला सवय नव्हती.

तोवर भिवा वर आला होता आणि विहिरीत दोन हात पाणी चढलं. स्वच्छ, तळाचा खडक दिसेल असं. कचरूनं पुन्हा हात धुतले. बाटली दोरीनं सोडली, तीनदा विसळली, चौथ्यांदा काठोकाठ भरली, हवेचा बुडबुडा नाही हे उन्हाकडं धरून पाहिलं, बूच लावलं, चिठ्ठी चिकटवली, बर्फात ठेवली. एकही कलम चुकलं नाही. बघायला वस्ती जमली होती. द्वारकाबाई सगळ्यांच्या पुढं, रिकामी घागर कमरेवर घेऊन.

"सायेब," जयवंताबाई म्हणाली, "आता तुमीच सांगा हिला. माह्या तोंडून खरं वाटत न्हाई कोनाला."

साहेबांनी तांब्यात पाणी काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. "गोड आहे बाई तुमचं पाणी," ते म्हणाले. हा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. द्वारकाबाईनं लगेच घागर विहिरीत सोडली, आणि आपण तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं शेजारणीला सांगितलं.

साहेब रजिस्टर घेऊन जीपच्या पायरीवर बसले. '१२.००' वर त्यांनी आडवी रेघ मारली आणि '१०.६०' लिहिलं. त्र्याऐंशी आणि चौऱ्याऐंशीच्या नोंदींपुढं 'प्रत्यक्ष मोजलेल्या नाहीत' असं लिहून सही केली. यावेळी शेपटी आखूड होती. मग त्यांनी आजच्या तारखेची ओळ आखली आणि पेन कचरूपुढं धरलं.

"नमुना घेणाऱ्याची सही. कर."

"मी?" कचरू मागं सरकला. "साहेब, रोजंदारीवाल्याची सही चालत न्हाई रजिस्टरात. नऊ वर्षं पाणी मी काढलं, सही दुसऱ्यांचीच असती."

"चालत नाहीच. कायम माणसाचीच चालते." साहेबांनी पेन त्याच्या हातात कोंबलं. "तुझी सही माझ्यासमोर झाली, तर उद्या मला दोनच रस्ते राहतात. एक तर तुझी कायमची ऑर्डर वरून काढून आणायची, नाहीतर रजिस्टरात आणखी एक खोटी नोंद ठेवायची. आणि खोट्या नोंदी आता मला नकोत. कर सही."

कचरूनं पेन धरलं.  रडू आवरायचं म्हणून, की सवयीनं, त्यानं विचारलं, "साहेब, किती वाजले?"

"चार वीस. का रे?"

"सहीच्या आधी वेळ लिहायची असती," कचरू म्हणाला, आणि आधी त्यानं वेळ लिहिली, मग आपलं नाव.